नातीच्या वतीने उतरलेली घळ

गारगोटीच्या पुढं डोंगरात जाऊन आल्यापासून आमच्याकडं ब्लाऊज शिवायला येणारी प्रत्येक बाई एकच विचारते, "नानी, दगडात बघायला काय हुतं वो एवढं?" प्रत्येकीला पहिल्यापासून सांगत बसले तर ह्या लग्नसराईचे ब्लाऊज पुढच्या लग्नसराईला मिळतील. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. माप देऊन झालं की खुर्चीत बसावं आणि वाचावं. माझी शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं वाचनालयातून आणलेलं, तेव्हा लिहिणं बोलल्यासारखंच होणार.

रेश्मा माझ्या लेकीची लेक. कोल्हापुरात दगडांचं शास्त्र शिकते, भूगर्भशास्त्र. मागच्या वर्षी हायवेवर स्कूटरचा अपघात झाला आणि तिचा उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. आता कुबड्या घेऊन चालते. घरात, कॉलेजात, सगळीकडं जाते. पण तिच्या शास्त्राचा नियम असा, की डोंगरात जाऊन, खडकापुढं उभं राहून मापं घेतल्याशिवाय डिग्री नाही. आणि डोंगर काही कुबड्यांसाठी पायऱ्या करून देत नाही.

तिच्या मॅडमनी वाट काढली. एक खरी जागा कॉम्प्युटरात अशी उभी करायची, की डोळ्यांवर तो डबा चढवला की माणूस तिथंच. त्याला ते हेडसेट म्हणतात. मी डबाच म्हणते. बाहेरगावचे परीक्षक येणार, त्यांनी ती जागा आयुष्यात बघितलेली नसणार. ते डबा चढवून आत जाणार, खडक बघणार, मापं घेणार. त्यांना तिथं खरोखरचं काम करता आलं तर तेच रेश्माचं फील्डवर्क धरायचं. नाही आलं तर वर्ष गेलं. एक वर्ष दवाखान्यात आधीच गेलेलं. जावयांनी सरळ सांगितलं होतं, "ह्या खेपेला न्हाय झालं तर दुकानात बसायचं." बांगड्यांचं दुकान आहे त्यांचं इथं पेठ वडगावात. दुकानात बसणं वाईट नाही. पण पोरगी फुटक्या बांगडीच्या कडेलासुद्धा थर शोधणारी. ती गल्ल्यावर बसून काय शोधणार?

जागा ठरली ती गारगोटीपुढच्या एका वाडीखालची घळ. तर एक दिवस ती मला म्हणाली, "नानी, मी वाडीपर्यंत जीपने येईन. खाली घळीत जाता येणार नाही. मला पाय पाहिजेत."

मी म्हटलं, "संग्राम आहे की." संग्राम तिच्या वर्गातला, कॅमेरे तोच सांभाळतो.

"त्याचे पाय आहेत, पण तो बोलत नाही. मला बोलणारे पाय पाहिजेत."

आता माझ्यासारख्या बाईला हे कुणी सांगितल्यावर मी घरी कशी बसणार.

गारगोटी

वडगाव ते गारगोटीचं काही सांगण्यासारखं नाही. ऊस भरलेल्या ट्रॉल्यांच्या मागं मागं जायचं आणि धूळ खायची. गारगोटीत चहाला थांबलो तेव्हा रेश्माने मला काम समजावलं.

जागेचे हजारभर फोटो काढायचे. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा अर्ध्याहून जास्त भाग पुन्हा आला पाहिजे, तरच कॉम्प्युटर ते एकमेकांना जोडतो. मी म्हटलं, शिलाईला जादा कापड, माया सोडतात तसं. ती म्हणाली, तसंच. पण नुसत्या फोटोंनी जागा होत नाही. पाण्याचा आवाज कुठून सुरू होतो, गारवा कुठं लागतो, दम कुठं लागतो, कुठल्या वळणावर खडक एकदम दिसतो, हे सगळं तिला हवं होतं. माझ्या पदराला छोटा बिनतारी माइक लावायचा आणि मी उतरताना बोलत राहायचं, ती वर बसून ऐकणार.

मॅडमही बरोबर होत्या. त्या म्हणाल्या, "बाकीचे लोक अशा जागा करतात त्यात मुलं पक्ष्यासारखी उडत खडकापाशी जातात. रेश्मा म्हणते, उडायचं नाही. पायवाटेनंच जायचं."

"उडत गेलं की कुणी वाटेतलं बघत नाही," रेश्मा म्हणाली. जी पोरगी पायवाटेनं जाऊ शकत नव्हती तीच हे म्हणत होती. मी बशीत चहा ओतला.

वाडीवर

वाडीचं नाव लिहीत नाही, दहा-पंधरा घरं आहेत, उगीच त्रास नको. आण्णांच्या घरी उतरलो. आण्णा सत्तरीचे, हाडकुळे, धोतर आणि वर लेकाचं जुनं स्वेटर. त्यांच्या मालकीणबाई शेवंताकाकू. आमच्याकडं पाहुणा आला की आधी चटई आणि चहा. इथं आधी गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी, आणि ते खाईपर्यंत कुणी काही विचारत नाही. खाल्ल्यावर मात्र सोडत नाहीत.

"कसलं काम म्हणायचं हे?" आण्णांनी विचारलं.

मॅडमनी सांगितलं. आण्णा ऐकत राहिले.

"म्हंजी दगडाचा फोटो."

"हो, फोटोच. पण असा, की माणसाला आत जाता येईल."

"आत जाता येतंय ते ठीक हाय. भायेर येता येतंय न्हवं?"

सगळे हसले. शेवंताकाकूंनी मला बाजूला घेतलं. "भाबी, रातच्याला कोंबडी करतोय. पल्याडच्या वाडीवरनं मुलाणीदादास्नी बोलावलंय सुरी घेऊन. तुमचं सगळं बरुबर हुईल." मी हलालचं काही विचारलंच नव्हतं. त्यांनी आधीच ठरवलं होतं.

रेश्माचा संसार आण्णांच्या सोप्यात, ओसरीवर, मांडला. लॅपटॉप, वायरी, कानाला लावायचं यंत्र. फोनला रेंज फक्त गोठ्यापाशी आणि खाली घळीत एका मोठ्या धोंड्यावर चढलं तर. मग ती पिशवीतून तिचे बूट काढून माझ्यापुढं घेऊन आली. डोंगरात घालायचे जाड तळाचे बूट, अपघाताच्या आधी घेतलेले, एकदाही न घातलेले.

"दोन मोजे घाल. बसतील तुला."

बसले. साडीखाली ते बूट बघून आण्णा म्हणाले, "भाबी फौजदार झाल्या."

घळ

पठारावर जांभा दगड, पायाला खरखरीत, तांबूस. पठाराच्या कडेवरून वाट एकदम खाली सुटते. आण्णा पुढं, कमरेला दोर, त्याचं दुसरं टोक माझ्या कमरेला. मागं संग्राम, त्याच्या मागं मॅडम. मी बोलायला सुरुवात केली. इथं गवत वाळलंय, निसटतंय. इथं डाव्या हाताला करवंदीचं झुडूप, धरू नको, काटे आहेत. इथं गार वारा खालून येतोय, विहिरीत डोकावल्यासारखा. इथं पाणी ऐकू येतंय, पण उजवीकडून, आणि वाट जाते डावीकडं. आता माझा गुडघा बोलतोय, त्याचं ऐकू नको.

तेवढ्यात आण्णा थांबले. वळले आणि ओठांवर बोट ठेवलं. मग तेच बोट वर केलं.

आमच्या डोक्यावर कड्याला आग्या मोहोळ लोंबत होतं. एक नाही, तीन. सुपाएवढी, काळी, आणि बघावं तर ती काळोखी सारखी हलत होती, माश्यांच्या अंगावरून लाट जावी तशी. माझ्या माहेरी उसाच्या फडात आग्यांनी एक बैल मारलेला मी बघितलाय. तोंड आपोआप मिटलं.

आण्णांनी हातानंच सांगितलं, एकेक पाय. मी एकेक पाय टाकू लागले. तिथं वाट ओली होती. बुटाखालून एक खडा सुटला आणि खाली टपटपत गेला. वरची गुणगुण वाढली. आम्ही सगळे थांबलो. माझ्या कानात माझाच श्वास वाजत होता आणि तो श्वास माइकमधून वर सोप्यात जाईल की नाही एवढंच मनात येत होतं. गुणगुण हळूहळू उतरली. मग पुढं.

वळण संपल्यावर समोर भिंत. आधी ती दिसतच नाही, आणि मग दुसरं काही दिसत नाही. काळाकभिन्न खडक, त्यावर आडवा लाल पट्टा, पट्ट्यावर पुन्हा काळा खडक. मॅडमनी सांगितलं, खालचा खडक म्हणजे लाव्हा वाहून थंड झालेला. त्यावर फार काळाने माती झाली. मग वरून दुसरा लाव्हा आला आणि ती माती विटेसारखी भाजून निघाली. दोन भाकरींच्या मध्ये लाल चटणी, मी म्हटलं, माइकसाठी. मग दमले होते म्हणून त्याच भिंतीला पाठ टेकून खाली बसले आणि पाणी प्याले. संग्रामने माझा तसा एक फोटो काढला. हा फोटो लक्षात ठेवा.

धोंड्यावर चढून फोन लावला तर रेश्मा रडवेली. "तू गप्प का झालीस? मधेच तुझं बोलणं बंद झालं, मग काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं पडलीस." मी मोहोळाचं सांगितलं.  ती म्हणाली, "तेवढा भाग मी तसाच ठेवणार. गप्पच."

संग्रामने ड्रोन आणला होता, तासात काम उरकणार होता. आण्णांनी त्या पंख्यांकडं बघितलं आणि विचारलं, "ह्याचा आवाज हुतो काय?" होतो म्हटल्यावर ते म्हणाले, "मग ते पेटीतच राहू द्या, न्हायतर आपण पेटीत." त्यामुळं सगळे फोटो काठीला कॅमेरा बांधून हातानं काढावे लागले. भिंतीचा डावा भाग झाला आणि घळीतला उजेड गेला. उजव्या बाजूला वेलींचं जाळं होतं, ते दुसऱ्या दिवशी बाजूला सारायचं ठरलं. मधल्या भागापुढं मॅडम बराच वेळ उभ्या होत्या. त्यांनी हात लावून सांगितलं, "इथे मला काहीतरी वेगळं वाटतंय. उद्या चांगल्या उजेडात हाच भाग आधी घ्या. सगळ्यात महत्त्वाचा हाच." आण्णा शेजारीच होते.

मॅडमना कॉलेजात काम होतं, त्या संध्याकाळच्या एसटीने परत गेल्या. रात्री कोंबडीचा रस्सा आणि नाचण्याची भाकरी, वर चुलीत भाजलेल्या मिरचीचा खर्डा. जेवताना आण्णांनी रेश्माला विचारलं, "ही आमची भिंत कोण कोण बघणार म्हंतीस?"

"पुष्कळ जण बघतील, आण्णा. लांबलांबची मुलं."

"परदेशातली बी?"

"बघतील की."

आण्णांनी शेवंताकाकूंकडं बघितलं. काकूंनी आण्णांकडं बघितलं. मला वाटलं, कौतुक वाटलं असेल.

दुसरी सकाळ

त्या दिवशी वाट थोडी सवयीची झाली होती. आण्णांच्या मागं मोहोळाखालून गप्प उतरलो. वळणाच्या अलीकडंच एक वास आला, ओला, ओळखीचा, ईदच्या आधी आमच्या गल्लीत येतो तसा. तो कशाचा, हे डोक्यात यायच्या आत भिंत समोर आली.

मधला सगळा भाग पांढराशुभ्र होता. चार-पाच बायका शेजारी शेजारी उभ्या राहतील एवढा रुंद, आणि माणसाचा हात पुरेल तेवढा उंच. ताजा चुना, खाली गेरूची लाल पट्टी, वर आंब्याच्या डहाळ्या खोचलेल्या. आण्णा, काकू आणि वाडीतल्या दोघी-तिघी उजाडायच्या आधीच बादल्या घेऊन उतरल्या होत्या; आम्हाला आणायला आण्णा तेवढे परत वर आले होते. काकू हातावरचा चुना पदराला पुसत उभ्या होत्या आणि आमच्या तोंडाकडं बघत होत्या.

संग्रामने खांद्यावरची बॅग खाली टाकली. न बोलणारा तो पोरगा, त्या दिवशी बोलला.

"हे कुणी केलं? कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

आण्णांना कळेना. "अरं, फोटो काढायचाय म्हटल्यावर पोराला आंगूळ घालून पावडर लावतोस का न्हाय? परदेशातली माणसं बघणार. बाईंनी तर हात लावून दावलं की, हाच भाग मोठा म्हून."

"वाट लावली सगळ्याची. अडाणी म्हणतात ते ह्यालाच."

तो शब्द घळीत दोनदा वाजला.  आण्णांनी कमरेचा दोर सोडला, गुंडाळला, धोंड्यावर ठेवला आणि वाटेला लागले. बायका त्यांच्या मागं. काकू जाताना माझ्याजवळ थांबल्या. "भाबी, चुकलं व्हय काय आमचं?"  आमच्याकडं ईदेला आणि त्यांच्याकडं दसऱ्याला, मोठं कुणी यायचं असलं की भिंतीला चुना. ह्यात चूक ती काय सांगू?

रेश्माला सांगायचं काम माझ्याकडं आलं. धोंड्यावर चढले. सांगितलं. 

"पट्टा दिसतोय का?" तिनं विचारलं.

"मधे नाही. पट्ट्यावरच बसलाय चुना."

तिनं मॅडमना फोन केला आणि परत मला. ओल्या फडक्यानं एका कोपऱ्यात अगदी बोटभर पुसून बघा, मॅडम म्हणाल्या. मी पुसलं. चुना निघाला, आणि त्याच्याबरोबर लाल मातीही फडक्यावर आली. पट्टा मऊ होता, ओल्या विटेसारखा. तिथंच थांबले. घासलं असतं तर चुन्याबरोबर पट्टाच गेला असता. कॅमेरे दुसऱ्या विभागाकडून मागून आणलेले, संध्याकाळी परत द्यायचे होते. परीक्षक त्याच आठवड्यात यायचे होते. दुसरी जागा शोधायला वेळ नव्हता.

"नानी," रेश्मा म्हणाली, "संग्रामला सांग, आहे तसं काढ. चुन्यासकट. आणि उजवीकडच्या वेली सारून तिकडचा पट्टा पूर्ण घे."

संग्रामने काढलं. दात आवळून काढलं, पण एक फोटो चुकवला नाही. मी वेली धरून उभी राहिले.

परत चढताना पुढं आण्णा नव्हते. संग्राम वर बघत चालला होता आणि मी खाली. मोहोळाच्या खाली आलो आणि माझा पाय त्या ओल्या जागेवर सरकला. पडले नाही, गुडघ्यावर आले, पण माझ्या हातातली पाण्याची बाटली सुटली आणि कड्यावरून ठणठणत गेली. गुणगुण चढली. दोन-तीन माश्या सुटून आमच्याभोवती फिरू लागल्या. संग्रामचा चेहरा कागदासारखा झाला. हलता येईना, थांबता येईना.

तेवढ्यात वरून एक घोंगडं माझ्या अंगावर पडलं आणि आण्णांचा हात माझ्या दंडाला लागला. त्यांनी ओढत नाही, चालवत नेलं, हळू, म्हशीला गाळातून काढतात तसं. वळणाच्या पलीकडं गेल्यावर मी घोंगडं काढलं. ते तिथंच वर बसून होते, पहिल्यापासून.

मी म्हटलं, "आण्णा, मला वाटलं तुम्ही घरी गेला."

"राग आला म्हून पावण्यास्नी मोहोळाखाली सोडून जाईन व्हय?" ते मला म्हणाले. संग्रामकडं त्यांनी बघितलंच नाही. निघताना काकूंनी जीपमध्ये नव्या तांदळाची पिशवी ठेवली. आण्णा गोठ्यात होते, बाहेर आले नाहीत.

कोल्हापूर

रेश्माच्या खोलीवर पुढचे दिवस कॉम्प्युटर तापत राहिला. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी डबा घेऊन गेले, जेवणाचा. तिनं तो खाली ठेवायला लावला आणि दुसरा माझ्या डोळ्यांवर चढवला.

मी परत तिथं होते. खोटं वाटेल, पण मी हात लांब करून करवंदीचा काटा चुकवला. माझाच आवाज माझ्याच पुढं चालत होता. मग आवाज थांबला, आणि वर बघितलं तर मोहोळ. पाय आपोआप हळू पडायला लागले. वळण आलं. भिंत आली.

काळी, लाल, काळी. सगळी स्वच्छ.

"चुना कुठं गेला?" मी विचारलं.

"संग्रामने काढला," रेश्मा म्हणाली. "डावीकडचा खडक उचलून मधे भरला. कॉम्प्युटरात जमतं."

संग्राम म्हणाला, "नानी, परीक्षक पांढरी भिंत बघतील आणि पहिल्याच मिनिटाला डबा काढून ठेवतील. हिचं वर्ष जाईल. आणि कुणाला कळणार आहे?"

खरं होतं ते. मी डोळे ताणून बघितलं, जोड दिसत नव्हता. इतका चांगला रफू मी पंचेचाळीस वर्षांत केला नाही.  नातीचं वर्ष जात असताना नानी काय बोलणार? खरं सांगते, मला तो रफू राहावा असंच वाटत होतं.

रेश्मा पडद्याकडं बघत बसली होती. तिनं मधला भाग काढला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मग दोन बोटं पडद्यावर ठेवली, एक डावीकडच्या पट्ट्यावर, एक उजवीकडच्या.

"संग्राम, तू इथं पट्टा वाकवलास."

"थोडा. जुळत नव्हता."

"का जुळत नव्हता?"

 ती मला म्हणाली, "नानी, उजवीकडं पट्टा वीतभर खाली निघतो. मॅडमना वेगळं वाटलं होतं ते हेच. मधे काहीतरी झालंय. तिथं खडक तुटून खचला असेल, नाहीतर जुनी जमीनच उतरती असेल. त्याचं उत्तर नेमकं चुन्याखाली आहे. आणि आपण त्यावर सरळ रस्ता बांधून दिला."

"मग?" मी विचारलं.

"मग चुना परत लावायचा."

"आणि वर्ष?"

तिनं खांदे उडवले. मग माउस पुढं ओढला.

परीक्षेला मला आत बसू दिलं, कारण आवाज माझा होता. परीक्षक सर उंच, केस पिकलेले, कमी बोलणारे. त्यांना डब्यात जे दिसत होतं ते आम्हाला भिंतीवरच्या पडद्यावर दिसत होतं. ते उतरले. माझी बडबड त्यांनी शांतपणे ऐकली. मोहोळापाशी आवाज थांबला तसे तेही थांबले, आणि खुर्चीत बसलेला तो माणूस मान खाली घालून पुढं सरकला. मग भिंत. डावीकडून त्यांनी मापं घेतली, जाडी, उतार, सगळं बोलून नोंदवलं. मग पांढऱ्यापुढं आले.

 संग्राम नखं खात होता.

"हे काय आहे?"

"चुना, सर," रेश्मा म्हणाली.

"कुणी लावला?"

"वाडीतल्या लोकांनी. आम्ही फोटो काढणार म्हणून."

"काढता आला असता की, कॉम्प्युटरात."

"काढला होता, सर. परत लावला."

सरांनी मान तिच्या आवाजाच्या दिशेला वळवली, डबा तसाच डोळ्यांवर. "खाली काय आहे?"

रेश्माने डावीकडचं सांगितलं, उजवीकडचं सांगितलं, वीतभराचा फरक सांगितला, दोन्ही शक्यता सांगितल्या. "यातली कुठली खरी, ते मला माहीत नाही."

"चुन्याच्या आधीचा एकही फोटो नाही?"

आता संग्राम उठला. "एक आहे, सर." आणि त्यानं तो फोटो पडद्यावर लावला. नेमक्या त्या जागी, नेमक्या त्या पट्ट्यावर, पाठ टेकून मी बसलेली, बाटली तोंडाला लावून, पदर पसरून. फोटोत डावीकडं माझ्या खांद्यावरून पट्टा आत जातो, उजवीकडं कोपराखालून बाहेर निघतो. मधे सगळी मी.

सरांनी डबा काढून तो फोटो बघितला. कपाळावर डब्याचा वळ उठला होता. "बाई, तुमच्या पाठीमागे काय होतं?"

मी म्हटलं, "बघितलं न्हाय, साहेब. दमले होते."

ते हसले नाहीत, पण पुन्हा डबा चढवला. उजवीकडचं सगळं मोजलं, कागदावर चित्र काढलं, मधली जागा कोरी ठेवली आणि तिथं प्रश्नचिन्ह घातलं. मग रेश्माचं चित्र मागून शेजारी ठेवलं. तिचंही मधे कोरं होतं. दोन्ही कागद बघत ते उठले आणि मॅडमना घेऊन बाहेर गेले. मी जेवणाचा डबा मांडीवर धरून बसले होते, तो केव्हा उघडा पडला आणि रस्सा साडीवर गेला ते मला कळलं नाही.

मॅडम परत आल्या त्या एकट्याच. "फील्डवर्क धरलंय," त्या म्हणाल्या. "सरांनी एकच अट घातलीय. पावसाने चुना धुऊन गेला की पुन्हा फोटो काढायचे आणि त्यांना कळवायचं."

रेश्माने कुबडी बाजूला ठेवली आणि माझ्या रश्श्याच्या साडीत तोंड घातलं.

संग्रामला मी तिथंच सांगितलं, आता तुझं एक काम राहिलंय. आण्णा महिन्याभरानं डोळे दाखवायला कोल्हापुरात येणार होते. ते आले तेव्हा तो स्टँडवर गेला, त्यांची पिशवी घेतली. "आण्णा, त्या दिवशी चुकलं माझं."

"मोहोळाखाली तरी गप बसलास, लई झालं. आता च्या पाज," आण्णा म्हणाले.

खोलीवर आल्यावर रेश्माने त्यांना खुर्चीत बसवून डबा चढवला. आण्णा उतरू लागले. मोहोळापाशी त्यांनी आमच्याकडं बोट करून ओठांवर ठेवलं, आणि आम्ही तिघं कोल्हापुरात, चौथ्या मजल्यावर, गप्प झालो. वळण आलं. भिंत आली. आण्णांनी हात पुढं केला आणि हवेत चुन्यावरून वर-खाली फिरवला.

"एकच हात बसलाय," ते म्हणाले. "दुसरा द्यायला पायजे हुता."

मग डबा तसाच ठेवून ते खुर्चीतून वाकले आणि पायाशी चाचपडू लागले.

"काय शोधताय, आण्णा?" रेश्माने विचारलं.

"बादली."